काव, पिवडी आणि मिनरल फाउंडेशन

"मावशी, तुझं फाउंडेशन ऑक्सिडाइज झालंय गं."

मे महिन्यातलं लग्न, साताऱ्यातलं मंगल कार्यालय, दुपारचे साडेबारा. पंखे नुसती गरम हवा ढकलत होते, आणि भाचीने माझ्या तोंडाकडे बघून हा निकाल दिला. घरातून निघताना चेहऱ्याला बरोब्बर जुळलेला रंग आता मानेपेक्षा गडद आणि किंचित नारिंगी झाला होता. कपाळावर तर ओघळ. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ओघळांचं मला फारसं वाटलं नाही, ऑक्सिडाइज या शब्दाचं वाटलं.

कारण फाउंडेशनमधला रंग मुळातच ऑक्साइड असतो, लोखंडाचा. लाल आणि पिवळ्या रंगांतल्या लोखंडाने घ्यायचा तेवढा ऑक्सिजन कधीच घेऊन टाकलेला असतो. काळ्या आयर्न ऑक्साइडमध्ये थोडी जागा शिल्लक असते, पण अंगाच्या उष्णतेवर चार तासांत ती काही भरत नाही. पूर्ण गंजून गेलेला खिळा आणखी काय गंजणार? मग माझा रंग बदलला कशाने?

उत्तर अंगणात आहे. वळवाचे पहिले चार थेंब पडले की कोरडी माती लगेच काळपट दिसते. मातीत नवीन रंग कोणी ओतलेला नसतो. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश हवेतून कणात, कणातून पुन्हा हवेत असा जाताना दर वेळी वळतो, उसळतो, आणि त्यातला बराचसा आपल्या डोळ्यांकडे परत येतो, म्हणून माती फिकी दिसते. हवेची जागा पाण्याने घेतली की कण आणि भोवताल यांच्यातला फरक कमी होतो, प्रकाश उसळण्याऐवजी आत शिरतो आणि तिथेच जिरतो. हा फरक मोजायचं माप म्हणजे अपवर्तनांक. हवेचा 1, पाण्याचा 1.33, त्वचेतून येणाऱ्या तेलाचा साधारण 1.47. फाउंडेशनच्या कणांमधली हवा जाऊन तिथे हे तेल शिरलं की चेहऱ्यावरची माती ओली होते. भाची ज्याला ऑक्सिडाइज म्हणत होती ते हे. त्यात माझं फाउंडेशन पातळ, बाटलीतलं. त्यातलं पाणी उडून गेलं की मागे तेलं आणि रंगाचे कण उरतात, म्हणजे तेलाची सुरुवात मी घरूनच करून निघाले होते.

"मग मिनरल वापरून बघ, त्यात तेल नसतं," असं म्हणून तिने पुढच्या आठवड्यात एक डबी आणून दिली. आत कोरडी, पिठासारखी पावडर. मेकअपपेक्षा मला डबीच्या मागची यादी जास्त आवडली, कारण ती जेमतेम चार ओळींची होती: मायका, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड.

यातलं टायटॅनियम डायऑक्साइड हे झाकण्याचं काम करतं. शुभ्र पांढरं, पण त्याचा जन्म काळ्या वाळूतला. 1791 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या धर्मगुरूला ओढ्यातल्या काळ्या वाळूत हे नवं द्रव्य सापडलं. आपल्या घाटाखाली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात, त्यांतही इल्मेनाइट हे टायटॅनियमचंच खनिज आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक 2.7 च्या आसपास, म्हणजे हिऱ्याच्या 2.42 पेक्षाही जास्त. म्हणून तेलाने भिजलं तरी ते पांढरं राहतं. मायकाचं तसं नाही. मायका म्हणजे अभ्रक, पापुद्र्यांचं खनिज. त्याचा अपवर्तनांक 1.6 च्या आत-बाहेर, तेलाच्या इतका जवळ की तेलात ते जवळपास अदृश्य होतं. कोरडं असेपर्यंत मात्र त्याचे सपाट पापुद्रे बारीक आरशांसारखे त्वचेवर पडून राहतात, प्रकाश चहूबाजूंना पांगवतात, आणि छिद्रांच्या व सुरकुत्यांच्या सावल्या पुसट होतात. झाकलं काहीच जात नाही, फक्त कडा विरतात.

उरलं आयर्न ऑक्साइड. ते साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागा. कडेला जी तांबडी, भोकाभोकांची दगडमाती दिसते तो जांभा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट पावसाने कुजत गेला, त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं कास पठार या जांभ्यावरच फुलतं. तुळशीवृंदावनाला लावायची काव म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड मिसळलेली माती. भिंतींना द्यायची पिवडी म्हणजे त्याचाच पिवळा भाऊ, अंगात पाणी बांधून ठेवलेला. पिवडी भाजली की ते पाणी जातं आणि तिची काव होते. कृष्णाकाठच्या वीटभट्टीत मातकट विटा तांबड्या होऊन निघतात, त्यामागेही बरंचसं हेच. लाल, पिवळा आणि काळा, या तीन ऑक्साइडांत पांढरं कमी-जास्त मिसळलं की जगातल्या बहुतेक सगळ्या माणसांच्या कातडीचे रंग बनतात. फाउंडेशनच्या शेड त्यातूनच येतात, बाटलीतल्या असोत की डबीतल्या.

पण म्हणून कोणी कासची माती चाळून तोंडाला लावू नये. खाणीतल्या गेरूत शिसं, आर्सेनिक, पारा काहीही असू शकतं. अमेरिकेत तर सौंदर्यप्रसाधनांत कृत्रिमरीत्या बनवलेलंच आयर्न ऑक्साइड वापरायचा नियम आहे. म्हणजे डबीवर ‘निसर्गाच्या कुशीतून’ असं लिहिलेलं असलं तरी आतली काव कारखान्यातली असते, आणि तशी असते हेच बरं. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द मी सोडून देते. वर्गात कोणी म्हणालं तर सोडत नाही.

तर, पहिला प्रयोग फसला. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली बघून घेतलेली शेड एक घर फिकी होती आणि मी ब्रश डबीत बुडवून भरपूर थापली. आरशात बघितलं तर गोरी दिसण्याऐवजी राख फासल्यासारखी दिसत होते. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का वाटत?"

ही राख नेमकी कुठून येते, याचा मी दोन दिवस विचार केला. पांढरा धूर काळ्या कढईसमोर निळसर दिसतो. पाणी घातलेलं दूध काळ्या तव्यावर सांडलं तर त्याच्या कडा निळसर दिसतात. बारीक पांढरे कण निळा प्रकाश जास्त पांगवतात आणि तांबडा पुढे जाऊ देतात. मागे गडद काही असेल तर तो तांबडा तिथे जिरतो आणि डोळ्यांपर्यंत निळसरच पोचतं. आमची सावळी कातडी ही ती गडद पार्श्वभूमी. तिच्यावर पांढऱ्याचा पातळ थर दिला की करडी छटा यायचीच. गोऱ्या कातडीवर हेच खपून जातं. म्हणजे सावळ्या माणसाने फिकी शेड घेतली तर तो उजळत नाही, आजारी दिसतो. दोष चेहऱ्याचा नाही, प्रकाशाचा आहे. उपायही त्यातच होता: पांढरं कमी, पिवडी जास्त. मी पिवळ्या झाकेची, एक पायरी गडद डबी मागवली, जबड्याच्या कडेला लावून अंगणातल्या उजेडात पाहिली, आणि कातडीत कुठे मिसळून गेली ते शोधावं लागलं तेव्हा ठेवून घेतली.

लावायची रीतही बदलली. झाकणात चिमूटभर पावडर, ब्रश तिच्यात गोल फिरवायचा, कडेवर आपटून जास्तीची झाडायची, मग चेहऱ्यावर हलक्या हाताने घोळवायचा. आधीचं मॉइश्चरायझर पूर्ण मुरलेलं हवं, नाहीतर ओल्या जागी पावडर धरते आणि डाग पडतात. थर पातळ, हवा तर दुसरा. जुलैत शिरवळपर्यंत एसटीने जाऊन आले, दमट हवा, गर्दी. परतल्यावर नाकाच्या शेंड्यावर चमक होती, बाकी रंग सकाळचाच. कोरडे कण तेल शोषत राहतात, त्यामुळे माती ओली व्हायला वेळ लागतो. आणि झाली तरी रुमालाने टिपून वर ब्रश फिरवला की पुन्हा कोरडी. माझी त्वचा तेलकट आहे म्हणून हे जमलं. कोरड्या त्वचेच्या माझ्या मैत्रिणीला त्याच पावडरीने गालावर पापुद्रे दिसले.

मला सगळ्यात मोठा फायदा दिसला तो वांगावर. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहे. सनस्क्रीन लावूनही ते हटत नव्हतं, आणि त्याचं एक कारण नंतर कळलं. 2010 मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी दाखवलं की अतिनील किरण नसलेला, नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेला काळवंडवतो, गोऱ्या त्वचेला नाही. साधं सनस्क्रीन चेहऱ्यावर दिसत नाही, याचाच अर्थ दिसणारा प्रकाश ते अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं, विशेषतः निळा-जांभळा भाग. तो गिळल्यामुळेच ते पिवळं-तांबडं दिसतं. 2014 मध्ये मेक्सिकोत वांगाच्या रुग्णांवर चाचणी झाली: सगळ्यांना तेच औषध, काहींना साधं सनस्क्रीन, काहींना आयर्न ऑक्साइड घातलेलं. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटाचं वांग जास्त उतरलं. माझं वांग पावडरीने गेलं असं मी म्हणत नाही. झाकलं जातं, आणि खाली आता रंगीत सनस्क्रीन असतं.

ते सनस्क्रीन टाळून पावडरीवर भागत नाही, त्याचा हिशोब सोपा आहे. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजतात. चेहऱ्याला त्या मापाने साधारण एक ग्रॅम लागेल. माझी डबी 8 ग्रॅमची, मला चार महिने पुरते. करा भागाकार.

आणखी दोन गोष्टी. पावडर नाकाजवळ उडवू नये. त्वचेवर टायटॅनियम डायऑक्साइड निवांत बसून राहतं, पण श्वासातून जाणाऱ्या त्याच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘शक्यता आहे’ या गटात ठेवलंय. आणि काही डब्यांत चमक यायला बिस्मथ ऑक्सिक्लोराइड असतं; घाम आला की काहींना त्याने खाज सुटते. मिनरल शब्द वाचून निश्चिंत होण्यापेक्षा यादी वाचावी. यादीत नसतं ते वेगळंच: झारखंडमधल्या अभ्रकाच्या खाणींत लहान मुलं राबतात, हे डबी उघडताना मला दर वेळी आठवतं असं नाही, पण आठवतं.

गेल्या महिन्यात सांगलीला चुलत नणंदेच्या मुलीची हळद होती. सांगलीची हळद, भौगोलिक मानांकनाची, ती काय कमी लावतात! घरी आल्यावर ओल्या फडक्याने तोंड पुसलं तर फाउंडेशन एका फेरीत उतरलं. ते कातडीवर नुसतं टेकलेलं असतं, तिच्यात विरघळत नाही. हळदीतलं कर्क्युमिन मात्र तेलातून आत मुरलेलं, नखांच्या कडेला धरून बसलेलं. साबण लावला तर अल्कलीने क्षणभर तांबूस झालं, हळद-चुन्याचं कुंकू होतं तसं, आणि धुतल्यावर पुन्हा पिवळं. भाची म्हणाली, "मावशी, हे मात्र खरंच केमिस्ट्री." चार दिवस माझे हात पिवळे होते, वर्गात फळ्यावर लिहिताना सगळ्या बाकांवरून दिसत होते.