सनदी सेवा आणि विकास (पुणे)

सरकारे बदलली तरी जागेवर राहणारी आणि ठरलेले धोरण गावपातळीपर्यंत नेणारी कायम प्रशासकीय यंत्रणा म्हणजे नागरी सेवा. तिच्या वरच्या फळीला मराठीत सनदी सेवा म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात अधिकाऱ्यांशी लेखी करार होई. त्या करारपत्रावरून, म्हणजे सनदेवरून, हा शब्द आला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३१२ ने अखिल भारतीय सेवांना आधार दिला.

मंत्रालय मुंबईत असले, तरी जमाबंदी, साखर, कृषी, सहकार, शिक्षण, नोंदणी व मुद्रांक अशा खात्यांची राज्यस्तरीय मुख्यालये पुण्यात आहेत. शेतकऱ्याचा दैनंदिन संबंध येतो तो याच खात्यांशी. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचे विभागीय आयुक्तही इथेच बसतात.

प्रशासनाने विकास कसा घडतो किंवा अडतो, हे पाहायला पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका पुरेसा आहे. कंपनी सरकारचे अधिकारी प्रिंगल यांनी केलेल्या जमिनीच्या जुन्या मोजणीत चुका राहिल्या आणि सारा इतका चढा बसला की जमिनी पडीक पडल्या. त्याच सरकारच्या गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये तिथे नवी आकारणी लागू केली: जमिनीची प्रत पाहून सारा कमी केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम ठेवला. पडीक शेते पुन्हा नांगराखाली आली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मुदत संपल्यावर मात्र सारा वाढवला गेला. आधीच सावकाराच्या खात्यात अडकलेल्या कुणब्याला तो झेपला नाही. १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यातल्या सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा जमावाचा रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जखतांवर होता. कागद कोणाच्या हातात आहे, हे शेतकऱ्याला अधिकाऱ्यांइतकेच नेमके कळत होते.

आजही विकासाच्या बहुतेक योजना सातबाऱ्यावर येऊन टेकतात. पीककर्ज असो की धरणासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला, उताऱ्यावर नाव हवेच. बाप वारला की वारसाची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, होते, नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. एका भावाची सही राहिली म्हणून हेलपाटे घालणारे पुणे जिल्ह्यात काही थोडे नाहीत. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. गावात अजून ‘तलाठीभाऊसाहेब’च चालते.

संकटकाळातली कसोटी वेगळी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुनर्वसनाची जबाबदारी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. बर्वे पुढे राजकारणात गेले. शहरातला एक चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो.

अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बाणेर रस्त्यावर यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजेच ‘यशदा’, आहे. शहराच्या मध्यवस्तीत, सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत, खेड्यांतून आलेली मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करत असतात. त्यांतल्या अनेकांनी सरकार पहिल्यांदा पाहिलेले असते ते आपल्या गावच्या तलाठी कार्यालयात, वडिलांसोबत उताऱ्यासाठी थांबलेले असताना.