सागाची पानं गळाल्यावर जंगल मोजू नये

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्यानं सिमरोळ ओलांडलं की घाटात सागाचं जंगल लागतं. नोव्हेंबरात ते हिरवंगार असतं, एप्रिलमध्ये नुसते खराटे उरतात. उपग्रहाच्या चित्रात खोडं नव्हे, पानं उमटतात. उन्हाळ्यातलं चित्र घेतलं तर तोच डोंगर उजाड ठरेल. म्हणून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा पानझडी भागांसाठी पावसाळ्यानंतरची, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं वापरते. एका डोंगराची ही गत, तर दोन देश शेजारी ठेवताना किती जपायला हवं!

भारत आणि ब्राझील घ्या. दोघांचे आकडे एकाच दप्तरातले हवेत: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे. तिथं जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, ५ मीटरहून उंच किंवा तेवढी वाढू शकणारी झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र (वरून पाहता झाडांच्या फांद्यापानांनी झाकलेला जमिनीचा भाग). फळबागा त्यात धरत नाहीत. आपल्या वन सर्वेक्षणात मात्र १ हेक्टर आणि १० टक्के छत्र असलं की झालं. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे पाहत नाहीत. आमराईसुद्धा वनाच्छादनात येते. त्यामुळे भारताचा आकडा इथला आणि ब्राझीलचा तिथला, अशी सरमिसळ करू नये.

अन्न व कृषी संघटनेच्या २०२०च्या मूल्यांकनानुसार १९९० ते २०२० या काळात भारताचं जंगल ६.३९ कोटी हेक्टरांवरून ७.२२ कोटींवर गेलं, ब्राझीलचं ५८.८९ वरून ४९.६६ कोटींवर आलं. (१ कोटी हेक्टर म्हणजे बरोबर १ लाख चौरस किलोमीटर, हे ध्यानात ठेवलं की शून्यांचा घोळ होत नाही.) एकाच मापावर आलेख काढला तर भारताची रेषा तळाशी सपाट पडते. त्यापेक्षा दोघांचं १९९० सालचं क्षेत्र १०० धरा: भारत ११३, ब्राझील ८४. पण मूळ क्षेत्रफळही बाजूला लिहाच, कारण ब्राझीलनं गमावलेलं ९.२३ कोटी हेक्टर जंगल भारताच्या आजच्या सगळ्या जंगलाहून जास्त आहे. वार्षिक दर चक्रवाढीनं काढावा: भारत सुमारे ०.४० टक्के वाढ, ब्राझील ०.५७ टक्के घट. १३ ला सरळ ३० नं भागलं तर भारताचा दर ०.४३ येतो, म्हणजे थोडा फुगतो.

दोन टोकं जोडली की मधले चढउतार मात्र दिसेनासे होतात. ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेच्या नोंदीत अ‍ॅमेझॉनमधली जंगलतोड २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर होती. २०१२ मध्ये ती ४,५७१ वर आली होती.

सगळ्यात फसवी असते मापाची पट्टीच बदलणं. आपल्या राष्ट्रीय अहवालांत १९९९ साली वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर आहे, २००१ साली ६,७५,५३८. दोन वर्षांत ३८ हजार चौरस किलोमीटर जंगल उगवत नाही. २००१ मध्ये सबंध देशाचं विश्लेषण संगणकावर, १:५०,००० प्रमाणावर झालं. आधी २५ हेक्टरांहून लहान तुकडा नकाशात येतच नसे, तो आता १ हेक्टरपर्यंत येऊ लागला. हे आकडे आलेखावर मांडताना १९९९ आणि २००१ चे बिंदू रेषेनं जोडू नका. तिथं मोकळी जागा ठेवा आणि खाली कारण लिहा.