स्नॅपशॉट आणि बॅकअप: नावं एकमेकांत मिसळलीत, कामं मात्र वेगळी

छोट्या कंपनीत बहुतेक वेळा एकच सर्वर असतो, त्याच्यावर तीन-चार व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी मशीन. एका विंडोजवर टॅली, एक डोमेन कंट्रोलर (ऑफिसची लॉगिन सांभाळणारा), एक फाइल सर्वर, आणि एखादी लिनक्स मशीन जिच्यावर हजेरीच्या पंचिंगचं सॉफ्टवेअर चालतं. तिथे विचारलं की बॅकअपचं काय, तर हमखास ऐकू येतं "हो, रोज स्नॅपशॉट पडतो ना". हे उत्तर ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण ज्या दिवशी सर्वरची डिस्क जाईल त्या दिवशी ते सगळे स्नॅपशॉट पण तिच्याबरोबरच जाणार.

यात सांगणाऱ्याची चूक नाही, नावांनीच घोळ केलाय. प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बॅकअप जॉब (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) बनवताना मोड विचारतात, त्यात पहिलाच पर्याय स्नॅपशॉट. तिथे त्याचा अर्थ एवढाच की मशीन बंद न करता, चालू असतानाच कॉपी घ्या. तो पर्याय निवडून पण तयार होतो तो बॅकअपच. पुढे प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्वर वापरलात तर तो प्रत्येक बॅकअपलाच स्नॅपशॉट म्हणतो. आणि व्हीएमच्या मेनूत जो स्नॅपशॉट टॅब आहे ती तिसरीच गोष्ट. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या तशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी निदान चेकपॉइंट असं वेगळं नाव ठेवलंय ते बरं केलं.

तर तो टॅबमधला स्नॅपशॉट करतो काय? डिस्कची आत्ताची अवस्था गोठवतो आणि पुढचे बदल त्याच स्टोरेजवर वेगळे लिहित जातो. वहीच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून पुढचं सगळं त्याच्यावर लिहावं तसं, पेपर काढला की जुनं पान जसंच्या तसं, पण वहीच जळाली तर दोन्ही गेलं. बॅकअप म्हणजे दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या डिस्कवर गेलेली पूर्ण कॉपी, मूळ सर्वर भंगारात गेला तरी नव्या सर्वरवर उभी राहते. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये व्हीएमचे स्नॅपशॉट जात नाहीत, रिस्टोर केल्यावर तो टॅब रिकामाच दिसतो.

परत आणतानाचा फरक जास्त महत्त्वाचा आहे. समजा सकाळी टॅलीच्या मशीनवर अपडेट टाकायच्या आधी स्नॅपशॉट घेतला, दिवसभर बिलं बनली, ई-इनव्हॉइस गेली, आणि संध्याकाळी कळलं की एक फोल्डर उडालंय. आता रोलबॅक मारला, म्हणजे स्नॅपशॉटवर परत गेलात, तर फोल्डर येईल पण अख्खी मशीन सकाळवर जाईल, दिवसभराची बिलं टॅलीतून गायब, आणि त्यांचे आयआरएन (ई-इनव्हॉइसचे नोंदणी नंबर) मात्र सरकारी पोर्टलवर तसेच. त्याच नंबरचं बिल परत पाठवलं तर पोर्टल डुप्लिकेट म्हणून नाकारणार, आणि रद्द करायची मुदत फक्त २४ तास. तेच बॅकअप सर्वरवर सकाळची कॉपी असेल तर फाइल रिस्टोरमध्ये जाऊन तेवढं फोल्डर उचलता येतं, चालू मशीनला हातही लावावा लागत नाही.

म्हणून स्नॅपशॉट वाईट आहे असं अजिबात नाही. विंडोज अपडेट, टॅलीचं नवीन रिलीज, कसलीही सेटिंगची छेडछाड, त्याच्या आधी तो घ्यायलाच हवा. फक्त ज्याने घेतला त्यानेच काम नीट झालं की तो काढायचा. व्हीएमवेअर, म्हणजे व्हीएमचं सॉफ्टवेअर बनवणारी आणखी एक कंपनी, स्वतः सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पडून राहिला की जागा खात राहतो, आणि एलव्हीएम-थिन पूल (सगळ्या व्हीएमच्या डिस्क जिथून जागा घेतात तो सामाईक साठा) एकदा पूर्ण भरला की एक नाही, त्याच्यावरच्या सगळ्याच मशीन अडकतात, डेटा खराब व्हायची पण भीती. त्यामुळे रोज आपोआप स्नॅपशॉट पाडणारी स्क्रिप्ट कुणी लावून ठेवली असेल तर ती आधी काढा असंच मी सांगेन.

वेळापत्रक बॅकअपलाच लावायचं. जॉब करताना मशीनच्या नावावरून किंवा विंडोज-लिनक्स अशी वाटणी नको, एकच प्रश्न विचारायचा की या मशीनचं किती तासांचं काम परत करायला लागलं तर चालेल. टॅलीचं उत्तर येतं एक-दोन तास, तर तिचा वेगळा जॉब, ऑफिसच्या वेळेत दर तासाला. बॅकअप सर्वर असला तर मशीन चालू आहे तोवर फक्त बदललेले ब्लॉकच जातात, त्यामुळे हे झेपतं. बाकी तिघांना रात्रीचा एक जॉब पुरतो. दोन जॉब एकाच वेळी लावू नका, एका नोडवर (म्हणजे एका सर्वरवर) दुसरा पहिल्याची वाट बघत बसतो. पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे, जिथे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, असाल तर तो वार बघून वेळ ठरवा, सुट्टी आहे म्हणून दुपारी जॉब लावला आणि नेमकी मेंटेनन्ससाठी लाइट गेली, असं नको.

किती दिवस ठेवायचं यात कायदा पण आला. कंपनी असेल आणि हिशोब कॉम्प्युटरवर असतील तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्वरवर ठेवावा लागतो, आणि हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. आता इथे एक खाच आहे, कीप-इयरली (दर वर्षाची एक कॉपी ठेवायची सेटिंग) लावलं की सॉफ्टवेअर कॅलेंडर वर्षाची शेवटची कॉपी ठेवतं, म्हणजे ३१ डिसेंबरची, आणि आपल्याला पाहिजे ३१ मार्चची! म्हणून ३१ मार्चचा बॅकअप, आणि ऑडिट संपल्यानंतरचा एक, असे दोन हाताने प्रोटेक्टेड करून ठेवा, मग प्रून, म्हणजे जुन्या कॉपी आपोआप पुसायचं काम, त्यांना हात लावत नाही.

जॉब हिरवा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये प्रत्येक डिस्कला बॅकअपची टिक असते, डेटाच्या डिस्कची टिक निघालेली असेल तरी जॉब ओकेच म्हणतो. विंडोजमध्ये गेस्ट एजंट (बॅकअपच्या वेळी मशीनला आतून तयार करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकलेला नसेल तर चालू मशीनची वायर उपटल्यासारखी कॉपी मिळते. आणि बॅकअप सर्वरवर प्रॉक्समॉक्सच्या युजरला फक्त डेटास्टोअर-बॅकअप हा रोल द्या, प्रून बॅकअप सर्वरवरूनच होऊ दे, म्हणजे रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) मुख्य सर्वरचा ताबा घेतला तरी त्या लॉगिनने जुन्या कॉपी पुसता येणार नाहीत. मुख्य सर्वरवर स्नॅपशॉट असतील तर ते मात्र दोन क्लिकमध्ये जातात.

मग महिन्यातून एकदा टॅलीची मशीन नवीन व्हीएम नंबर देऊन रिस्टोर करायची, युनिकची टिक (म्हणजे नेटवर्क कार्डचा पत्ता वेगळा मिळतो) मारायची, चालू करायच्या आधी नेटवर्क डिस्कनेक्ट करायचं नाहीतर एकाच आयपीच्या दोन मशीन भांडतील. टॅली उघडून शेवटच्या व्हाउचरची तारीख बघायची, आणि सगळं मिळून किती वेळ लागला तो लिहून ठेवायचा, कारण सर्वर बसला की मालक पहिल्यांदा तेच विचारणार.