मोटारहोम घेऊन मोल्याहून अणशीला : राष्ट्रीय उद्यान कुठे, अभयारण्य कुठे?

मोल्याला जायचे म्हटले की आमच्या फोंड्यात कोणी 'अभयारण्यात चाललो' म्हणतो, तर कोणी 'नॅशनल पार्कात'. दोघेही बरोबर असतात. मोल्याच्या भगवान महावीर अभयारण्याचा एकूण पसारा सुमारे 240 चौरस किलोमीटरचा. त्याच्या गाभ्यातले 107 चौरस किलोमीटर जंगल 1978 साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि गोव्यातले हे एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे. खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, बोंडला, चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य, ही बाकीची सगळी अभयारण्येच. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्याला हा फरक माहीत नसला तरी काही अडत नाही. मोटारहोमवाल्याचे, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्याचे, मात्र अडते. त्याला जंगल तर बघायचे असतेच, पण रात्री गाडी कुठे उभी करायची हेही आधी ठरवावे लागते.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य या दोन्हींचा जन्म एकाच कायद्यातून, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून होतो. फरक पडतो तो तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसांच्या हक्कांत. अभयारण्य जाहीर करताना जिल्हाधिकारी लोकांचे जमिनीवरचे हक्क तपासतो आणि वनखात्याच्या सल्ल्याने त्यातले काही तसेच चालू ठेवू शकतो. म्हणून अभयारण्यात गाव असते, देऊळ असते, भातशेती आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असते, परवानगीने गुरेही चरतात. राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत खाजगी हक्क संपून जमीन सरकारकडे यावी लागते, आणि गुरे चारणे तर साफ बंद. महाराष्ट्रातल्या चांदोलीच्या जंगलातली गावे उठली ती याच वाटेने. प्रत्यक्षात सगळे इतके सरळ नसते. गोव्यातल्या काही अभयारण्यांत हक्क ठरवण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, आणि त्याचा त्रास तिथल्या वेळीप-गावकर या आदिवासी कुटुंबांनी सोसला आहे. त्यांच्या दारात पाहुणा म्हणून जाताना हे ठाऊक असावे.

खोतीगावात शिरलात की हा फरक नकाशा न उघडताही दिसतो. काणकोणहून आत जाणारा रस्ता आधी घनदाट झाडीतून जातो, मग अचानक उजेड येतो आणि समोर शेत. बांधावर गवताची उडवी, पलीकडे पोफळी, घरासमोर वाळत घातलेली सुपारी, रस्त्याच्या मधोमध बसलेली म्हैस. थोडे पुढे गेले की पुन्हा जंगल. कुस्केपर्यंत हेच चालते. नेत्रावळीतून वेर्ले, साळजिणीकडे चढतानाही तसेच. मोल्याच्या गाभ्यात असे मोकळे तुकडे शोधू नका. दूधसागरला जायचे तर स्वतःचे वाहन कुळ्यालाच ठेवावे लागते आणि पुढचा ओढे ओलांडत जाणारा रस्ता तिथल्या जीपगाड्यांनीच करायचा. मोटारहोम त्या रस्त्यावर नेण्याचा विचारही नको.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. अभयारण्यात माणसे राहतात, म्हणजे तिथले नियम सैल असणार, म्हणजे ओढ्याकाठी गाडी लावून झोपले तर कोण काय म्हणणार, असे वाटते. ते चूक आहे. बाहेरून येणाऱ्यासाठी प्रवेशाचे नियम दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. कायद्याचे कलम 27 सांगते की अभयारण्यात कोण जाऊ शकतो: ड्यूटीवरचा सरकारी कर्मचारी, परवानगी घेतलेला माणूस, आत जमीन-घर असलेला माणूस आणि त्याच्यावर अवलंबून असलेले लोक, आणि सार्वजनिक रस्त्याने अभयारण्य ओलांडून जाणारा. हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. पर्यटन हे परवानगी मिळण्याचे एक मान्य कारण आहे, पण तो परवाना दिलेल्या जागेपुरता आणि दिलेल्या वेळेपुरता असतो.

मोटारहोमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत 'ओलांडून जाणारा'. पणजी-बेळगाव महामार्ग मोल्याच्या जंगलातून अनमोड घाटात चढतो. त्या रस्त्याने जायला तुम्हाला वेगळा परवाना लागत नाही, कारण तुम्ही फक्त पलीकडे चालला आहात. पण घाटातल्या एखाद्या रुंद वळणावर गाडी लावली, छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या आणि पडदे ओढून झोपलात, की तुम्ही ओलांडून जाणारे राहत नाही. तुमचे घर चाकांवर आहे याने काही बदलत नाही. वनरक्षकाने हटकले, दंड केला किंवा वाहनच अडकवले तर हुज्जत घालायला जागा नाही. म्हणून घाट आणि जंगल दिवसाउजेडी ओलांडायचे आणि मुक्काम पलीकडे करायचा, असाच हिशेब बांधावा.

मला स्वतःला फोंडा, मोले, अनमोड, रामनगर, दांडेली, जोयडा, अणशी, कद्रा, कारवार, काणकोण असा फेरा सगळ्यात आवडतो. सह्याद्री एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतो आणि दोन्ही प्रकारची जंगले लागतात. कर्नाटकातले दांडेली हे अभयारण्य, अणशी हे 1987 पासूनचे राष्ट्रीय उद्यान. मुक्कामासाठी दांडेली-गणेशगुडी-जोयडा हा पट्टा सोयीचा, कारण तिथे खाजगी जमिनीवर होमस्टे पुष्कळ आहेत. खोलीऐवजी अंगणात गाडी लावायची आहे असे फोनवरच सांगावे, आणि चार गोष्टी विचाराव्यात: जमीन सपाट आहे का, फाटकातून आणि फांद्यांखालून उंच गाडी जाईल का, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि शौचालयाची टाकी रिकामी करायला सेप्टिक टँक मिळेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नये. नाहीतर ती घाण कुठेतरी ओढ्यात जाते, आणि काळी नदीवर खाली किती गावे जगतात ते तुम्ही गणेशगुडीला सूपा धरणावर उभे राहून पाहिलेलेच असते. भांड्यांचे साबणाचे पाणीसुद्धा जंगलात सोडू नये.

परतीच्या वाटेवर खोतीगावाजवळ राहायचे असेल तरी अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे अंगण पाहावे. हद्दीतल्या गावात कोणाच्या घरी राहायचे झाले तर आधी घरमालकाला आणि मग फाटकावर वनखात्याला विचारावे. घरमालकाचा आत राहण्याचा हक्क त्याच्या पाहुण्याच्या गाडीला आपोआप लागू होत नाही.

आता तिसरे नाव, जे या दोन्हींवर पांघरलेले असते: व्याघ्र प्रकल्प. अणशी आणि दांडेली मिळून 2007 साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प आहे. म्हणजे तिथे उद्यान उद्यानच राहते, अभयारण्य अभयारण्यच राहते, पण दोन्हींवर गाभा आणि बफर (गाभ्याभोवतीचा पट्टा) अशी आणखी एक आखणी येते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही तसाच, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून झालेला. गोव्यात अजून व्याघ्र प्रकल्प नाही. जानेवारी 2020 मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने इथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मला वाटते तो व्हायलाच हवा. मोले, नेत्रावळी, म्हादई आणि काळी हे वाघाच्या लेखी एकच जंगल आहे, राज्याची हद्द त्याला दिसत नाही.

प्रवाशाला यातून कळायचे ते एवढेच, की पाटीवर यांपैकी कुठलेही नाव असले तरी वाहतुकीचा नियम त्या त्या रस्त्याचा वेगळा विचारावा लागतो. दक्षिणेत म्हैसूर-उटीकडे उतरणार असाल तर बंदीपूरच्या रस्त्यावर रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते, 2009 पासून. बंदीपूरच्या अलीकडच्या गुंडलुपेटला साडेआठला पोहोचून 'निघतो पटकन' म्हणण्यात अर्थ नाही. मोटारहोम घाटात कारच्या वेगाने धावत नाही. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरलेली असली की तेवढेच शंभर किलो मागे असतात. उतारावर गाडी खालच्या गिअरवरच ठेवावी, नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून निकामी होतात.

आगीबद्दल दोन्हीकडे एकच नियम: जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही. मार्च 2023 मध्ये म्हादईपासून पुढे गोव्यातले डोंगर जळताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात गाडीतला गॅससुद्धा मुक्कामाच्या अंगणातच पेटवावा, वाटेत जंगलात नको. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चपाती-भाजी बांधून घेतली की प्रश्न सुटतो.

कुत्रा सोबत नेणारे मोटारहोमवाले पुष्कळ असतात. तो हद्दीच्या आत नको, उद्यान असो की अभयारण्य. 2018 साली गीरमधल्या सिंहांना ज्या कॅनाइन डिस्टेंपरने गाठले तो कुत्र्यांमध्ये आढळणारा रोग आहे. आपला कुत्रा लस घेतलेला असला तरी त्याच्या वासाने आणि भुंकण्याने भेकर, गवा बिथरतात. जंगल पाहायला जायच्या दिवशी त्याला होमस्टेवर कोणाजवळ तरी ठेवावे.

पावसाळ्यात हा फेरा करू नये. दूधसागरची जीप तेव्हा बंद असते, घाटात दरडी येतात आणि अवजड वाहनांवर अधूनमधून बंदी लागते. सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे, जानेवारीअखेरपर्यंत. तेव्हा ओढ्यांना पाणी असते आणि गवत वाळलेले नसते. निघण्यापूर्वी मोल्याच्या आणि दांडेलीच्या वनखात्याच्या कार्यालयात फोन करून त्या आठवड्यात कुठले फाटक किती वाजता बंद होते ते विचारून घ्यावे, आणि रोजचा टप्पा त्या वेळेच्या दोन तास आधी संपेल असा ठेवावा.