ऊन संपत नाही म्हणून सोलरचा शेअर पडत नाही?

लातूरपासून जालन्यापर्यंत एक समज घट्ट बसलाय. शेतात सौर पंप लागतायत, घरांवर पॅनल चढतायत, ऊन तर संपणार नाही. म्हणजे सोलर कंपनीचा शेअर पडूच शकत नाही. हे चूक आहे.

मागणी वाढणं वेगळं आणि कंपनीला नफा होणं वेगळं. सोयाबीन पिकवणाऱ्याला हे सहज कळेल: तेल घरोघरी लागतं, तरी भाव पडतोच. पॅनल बनवण्याच्या जागतिक साखळीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग चीनकडे आहे. तिथं माल जास्त झाला की जगभर दर कोसळतात. पॅनल स्वस्त झालं की घेणाऱ्याचा फायदा होतो, बनवणाऱ्याचा नफा आटतो. एप्रिल २०२२ मध्ये आयात मॉड्यूलवर, म्हणजे तयार पॅनलवर, ४० टक्के सीमाशुल्क लागलं, त्याचा आपल्या कारखान्यांना आडोसा मिळाला. पण तो धोरणाचा आडोसा आहे, आणि धोरण बदलतं.

अमेरिकेच्या सनएडिसन या सौरऊर्जा कंपनीचा शेअर जुलै २०१५ मध्ये ३० डॉलरच्या वर होता. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ऊन तेवढंच होतं. कर्ज काढून प्रकल्प घेत सुटल्यानं ती बुडाली.

वीजप्रकल्प चालवणाऱ्या कंपन्यांचंही दुखणं कर्जाचंच. विजेचा दर बहुधा २५ वर्षांसाठी बांधलेला, व्याज मात्र वाढू शकतं आणि वीज घेणाऱ्यांकडून पैसे थकतात. त्यामुळे शेअर घेण्याआधी कंपनीचं कर्ज आणि येणी बघा. पेरणीसाठी ठेवलेला पैसा तर यात अजिबात घालू नका.