पहिल्या वाढदिवसाचं आकाश

माझ्या भाचीला २१ डिसेंबर २०२० ला संध्याकाळी सात वाजता इंदूरला मुलगी झाली. पहिल्या वाढदिवसाला बाळाला जन्मवेळच्या आकाशाचा नकाशा फ्रेम करून भेट मिळाला. गडद निळा कागद, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं वर्तुळ, खाली नाव, तारीख आणि वेळ. रामबागेतल्या त्यांच्या बैठकीत तो लगेच टांगलाही. मी जवळ जाऊन पाहिलं, तर मृग नक्षत्र दक्षिणेला चांगलंच उंच चढलेलं. डिसेंबरच्या त्या दिवसांत संध्याकाळी सातला मृग पूर्वेला नुकताच वर येत असतो. एवढा उंच तो मध्यरात्रीच्या सुमारास जातो.

चूक वेळेची होती. नकाशा काढणाऱ्या प्रोग्रॅमने ‘सात’ हे ग्रिनिचचे सात धरले. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून कागदावर रात्री साडेबाराचं आकाश उतरलं. तेवढ्या वेळात आकाश ८० अंशांहून जास्त फिरतं. असा नकाशा करून घेताना तारीख, भारतीय प्रमाणवेळ आणि गावाचे अक्षांश-रेखांश, सगळं नीट सांगावं लागतं. इंदूरचे अक्षांश सुमारे २२.७ अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तेवढाच वर दिसतो. नकाशात तो उत्तरेच्या काठापासून मध्याकडे पाव ते तृतीयांश अंतरावर हवा. नेमका कुठे, ते प्रक्षेपणावर, म्हणजे गोल आकाश सपाट कागदावर कोणत्या पद्धतीने उतरवलं यावर ठरतं. पूर्व डावीकडे दिसली तर मात्र गोंधळू नये. जमिनीचा नकाशा आपण वरून पाहतो, आकाशाचा खालून. कागद डोक्यावर धरला की दिशा जुळतात.

वेळ सुधारून नवा नकाशा मागवायचा ठरलं, तेव्हा मी एक आग्रह धरला: ग्रह आणि चंद्र हवेतच. कारण नुसत्या ताऱ्यांना साल कळत नाही. पृथ्वी वर्षाने त्याच जागी परत येते, त्यामुळे दरवर्षी २१ डिसेंबरला संध्याकाळी सातला तारे तिथेच असतात, फार तर अंशभर इकडेतिकडे. पृथ्वीचा अक्ष हळूहळू गिरकी घेतो खरा, पण त्याने ताऱ्यांच्या जागा ७२ वर्षांत एखाद्या अंशाने सरकतात. म्हणजे २०१० ला त्याच दिवशी, त्याच वेळी जन्मलेल्या मुलाला तारे तेच मिळाले असते. आपल्या घरच्या जन्मपत्रिकेत तारे काढत नाहीत, पण ग्रह आणि चंद्र असतात. भविष्याचा भाग मी मानत नाही, तरी पत्रिकेतल्या गुरू-शनीवरून जन्माचं साल बरंच जवळून काढता येतं, ही त्या मांडणीतली खगोलाची बाजू मला फार आवडते.

आणि ही संध्याकाळ तर विलक्षण होती! त्या दिवशी गुरू आणि शनी एकमेकांपासून फक्त दशांश अंशावर आले होते, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शावर. सूर्यास्तानंतर पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, ती जोडी मकर राशीत दिसत होती. जावईबुवा हॉस्पिटलच्या गच्चीवरून ती बघून खाली आले आणि तासाभरात बाप झाले. वर जवळजवळ अर्धा चंद्र, त्याच्या पूर्वेला लालसर मंगळ. पहिल्या फ्रेममध्ये यातलं काहीच नव्हतं. वर्षभरात गुरू शनीच्या सतरा-अठरा अंश पुढे निघूनही गेला होता.

नवा नकाशा मी घरीच केला. स्टेलेरियम हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. साडेचार प्रतीपर्यंतचेच तारे ठेवले (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक). त्याहून अंधूक तारे घेतले की ठिपक्यांच्या गर्दीत आकृत्या हरवतात. उन्हाने रंग उडतो म्हणून फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवरून आतल्या खोलीत हलवली.

मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन वर्षं लिहून ठेवली आहेत. २०३२: गुरू जवळपास त्याच जागी. २०३९: त्याच तारखेला चंद्र पुन्हा जवळजवळ अर्धा. मार्च २०८०: गुरू आणि शनी पुन्हा मकरेत, पुन्हा तितकेच जवळ, या वेळी पहाटे. तेव्हा ती ५९ वर्षांची असेल.