फुकटचा सी कंपायलर नवशिक्यांना चालतो का?

"फुकटचा सी कंपायलर कच्चा असतो, शिकायला विकतचाच घ्या." सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (कंपायलर म्हणजे सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर.) पूर्व भागात यंत्रमागावर घर चालवणारे आईबापही मग पोरासाठी खर्चात पडतात. तो खर्च अनाठायी आहे.

जीसीसी हा फुकट कंपायलर १९८७ पासून आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा त्यानेच कंपाइल होत आलाय, पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅम त्याला जड नाहीत.

शंका येते ती वेगळ्या कारणाने, आणि ती स्वाभाविक आहे. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर लिहिलेला प्रोग्रॅम जीसीसीत एरर देतो. पण स्क्रीन पुसणारं 'क्लिअरस्क्रीन' (clrscr) फंक्शन किंवा 'कोनिओ' हेडर (प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडायची तयार फाइल) प्रमाण सी भाषेत नाहीच. त्या ओळी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं, कळ दाबेपर्यंत थांबणारं 'गेटसीएच' काढा, साधा प्रोग्रॅम बहुतेक वेळा चालतो.

स्वतः पडताळा: स्क्रीनवर छापणाऱ्या 'प्रिंटएफ'मध्ये पूर्णांकासाठीचं '%डी' लिहा, पुढे मुद्दाम ३.५ द्या आणि 'वॉल' हा पर्याय लावून कंपाइल करा (त्यातला डब्ल्यू कॅपिटल, आधी वजाचं चिन्ह). ओळीच्या नंबरासकट वॉर्निंग येते: इथे पूर्णांक हवा होता, दशांश आलाय. नवशिक्याला नेमकी हीच मदत लागते.